पहिली खेप

दुपारचं जेवण आटोपून तिहोमिर घराबाहेर पडले ते अगदी साध्या कामासाठी. नदीखात्याच्या संगणक केंद्रात नवं यंत्र आलं होतं. त्यावर पुराचा जुना प्रोग्राम चालायला किती वेळ लागतो, तेवढं मोजून द्यायचं होतं. फार तर तासाभराचं काम. तो प्रोग्राम त्यांनीच तरुणपणी लिहिला होता, म्हणून निवृत्तीनंतरही असल्या कामाला त्यांनाच बोलावणं येई. बोलावणं आलं की त्यांना बरं वाटे, आणि लगेच धास्तीही वाटे. आपल्याला अजून नीट जमतं का, हे बघायला तर बोलावत नसतील?

बाहेर फेब्रुवारीचं धुकं होतं. दोन दिवस दक्षिणेकडून ऊबदार वारा वाहत होता. डोंगरावरचा बर्फ अवेळी वितळायला लागला होता. ब्रोदिश्ते गावाच्या वरच्या अंगाला धरण, मधून नदी, आणि नदीच्या वळणात खालचा मोहल्ला. त्या मोहल्ल्यात त्यांची मुलगी यास्ना राहायची, नवऱ्याच्या जुन्या घरात. नवरा जर्मनीत ट्रक चालवायचा. घरात यास्ना आणि पाच वर्षांची दुन्या, दोघीच.

धरणाची दारं उघडली तर पाणी कुठल्या गल्लीत आधी शिरेल, हे तिहोमिरांचा प्रोग्राम सांगायचा. लोकांनी पुलावरून पलीकडे जायचं की शाळेच्या टेकडीवर चढायचं, ते त्यावरून ठरे. पुलासाठी एकच लांब भोंगा, टेकडीसाठी तुटक. चुकीचा भोंगा दिला तर माणसं आपल्या पायांनी पाण्यात चालत जाणार. आणि उत्तर उशिरा आलं तर बरोबर भोंगाही फुकट.

केंद्राच्या दारात पहारेकरी झिवादिन शेगडीपाशी पाय शेकत बसला होता.

"या, चिका तिहो! अजून जिवंत आहात तर!" गावात सगळे त्यांना चिका, म्हणजे काका, म्हणत.

"तुला काही अडचण आहे का त्याची?"

"मला कसली अडचण? खाली जा, नेवेन्काबाई वाट बघतायत. आणि जिना सांभाळा, ओल आलीय भिंतींना. वासही मारतोय."

वास खरंच येत होता. ओल्या लोकरीचा, आणि त्याखाली नदीच्या गाळाचा. नदी तर पार खाली, अर्ध्या कोसावर होती.

तळघरातल्या यंत्राच्या खोलीत नेवेन्का कॉफी उकळत होती. आता केंद्राची प्रमुख तीच. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची. तिहोमिरांच्या हाताखालीच शिकलेली, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना तिची भीडही चेपलेली.

"बसा चिका. सोय सगळी जुनीच ठेवलीय. तुमची खुर्ची, आणि ती ओब्रादकाकांची."

ओब्राद म्हणजे तिहोमिरांचा जोडीदार. दोघांनी मिळून हे केंद्र उभं केलं होतं. काही वर्षांपूर्वी तो झोपेतच गेला, शांतपणे. त्याची खुर्ची तेव्हापासून कुणी हलवली नव्हती. या खोलीत आजही पाळली जाणारी एक रीत त्यानेच पाडलेली होती.

रीत अशी. एखादी आज्ञा चालायला किती वेळ लागतो ते बघायचं, तर आज्ञेच्या आधी एक छोटा शब्द टाइप करायचा. मग काम संपलं की यंत्र खाली तीन आकडे देतं. एकूण किती वेळ गेला, त्यातला यंत्राने तुमच्या कामावर किती घालवला, आणि स्वतःच्या घरकामावर किती. या दोन्हींची बेरीज एकूण वेळेपेक्षा कमी भरली, तर मधला उरलेला वेळ म्हणजे यंत्राचं नुसतं थांबणं. आता यंत्र नुकतंच चालू केलं असेल तर पहिल्या खेपेला ते उगाच रेंगाळतं. सगळं साठवणीच्या तबकडीवरून हुडकून आणावं लागतं त्याला. म्हणून जगात सगळीकडेच मोजणारे लोक पहिली खेप सोडून देतात आणि पुढच्या धरतात.

ओब्रादने त्याला आपल्याकडची जोड दिली. राकिया दारूचा पेला उचलला की पहिले दोन थेंब आपण जमिनीवर सांडतो, मेलेल्यांच्या नावाने. तो म्हणायचा, पहिली खेपही त्यांचीच. कपातली थोडी कॉफी फरशीवर सांडायची, यंत्राचा पडदा बंद करायचा आणि ती खेप संपेपर्यंत पाठ फिरवून गप्पा मारायच्या. आकडे वाचायचे नाहीत. "त्यांना दिलं ते दिलं," म्हणायचा. सगळे हसायचे, आणि सगळे पाळायचे. ओब्राद गेल्यावर तर कुणी हसेनासंही झालं.

आजही नेवेन्काने कॉफी सांडली आणि पडदा बंद केला. पहिली खेप मेलेल्यांना देऊन झाली. मग तिहोमिरांनी तीन वेळा मोजलं. दर वेळी उत्तर तीन मिनिटांच्या आत.

"झालं!" नेवेन्का म्हणाली. "तीन मिनिटं लिहून टाकते. पाण्याला मोहल्ल्यात पोचायला वीस लागतात. गावाने निवांत झोपावं."

तिहोमिर उठले नाहीत. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर चाळा करत होती.

"नेवेन्का, खरा पूर येईल तेव्हा आपण प्रोग्राम किती वेळा चालवणार?"

"किती म्हणजे? एकदा."

"मग ती कितवी खेप?"

लिहायला उचललेलं पेन तिने खाली ठेवलं.

"इथलं यंत्र रोज चालू ठेवत नाही आपण. पुराच्या दिवशी ते थंडच असणार. म्हणजे जी खरी खेप, तीच आपण आजवर कधी मोजली नाही. इतकी वर्षं! मी गणिताचा माणूस, आणि माझ्या हे कधी डोक्यात आलं नाही."

"चिका, मेलेल्यांच्या ताटातलं काढून घेणार का आता?" ती हसून म्हणाली, पण हसू अर्धंच होतं.

"माझी दुन्या राहते तिथे खाली. मला खरा आकडा पाहिजे."

त्यांनी यंत्र बंद केलं, थोडं थांबून पुन्हा चालू केलं. या खेपेला कॉफी सांडली नाही. पडदाही चालूच ठेवला. मोजायचा शब्द टाइप केला, पुढे आज्ञा, आणि कळ दाबली.

तबकडी घरघरली. मग ती घरघर थांबली, आणि खोली इतकी शांत झाली की शेजारच्या रिकाम्या खुर्चीची वेताची वीण करकरलेली दोघांनाही स्पष्ट ऐकू आली. वजन पडल्यावर करकरते तशी. तिहोमिरांनी मान वळवली नाही. गाळाचा वास एकदम दाट झाला. नेवेन्काने खांद्यावरची शाल गळ्याशी ओढून घेतली. पडद्यावर काही हलत नव्हतं. यंत्र थांबलं होतं. काम करत नव्हतं, बंदही पडलं नव्हतं. कुणीतरी यायचं राहिलंय म्हणून दार उघडं ठेवून बसावं, तसं थांबलं होतं.

मग तबकडी पुन्हा फिरली, उत्तर आलं आणि खाली तीन आकडे उमटले.

तिहोमिरांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. चार मिनिटं होत आली होती. पडद्यावर एकूण वेळ होता एक्केचाळीस मिनिटं.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. त्यांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, याच वयात. आधी आकडे कळेनासे झाले, मग माणसं.

"नेवेन्का," ते हळूच म्हणाले, "तू वाच. मोठ्यानं."

"दुसरा आकडा... अडीच मिनिटं. तिसरा, काही सेकंद." तिचा आवाज खाली आला. "पहिला... एक्केचाळीस मिनिटं. हे कसं शक्य आहे? आपण तर आत्ता..."

तिहोमिरांना आधी हायसं वाटलं. म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर आहे. पण हायसं वाटून संपतं न संपतं तोच त्यांच्या अंगावर काटा आला. मग ही मिनिटं गेली कुठे? की कुणाची गेली?

यंत्राचं घड्याळ तपासलं, नेवेन्काच्या मोबाइलशी ते सेकंदाला जुळत होतं. घड्याळ पुढे गेलेलं नव्हतं. फक्त हिशेब पुढे गेला होता.

"बिघाड आहे," नेवेन्का म्हणाली. "नवीन माल असाच येतो. बंद करा. पुन्हा थंड करून बघू."

तिहोमिरांनी यंत्र बंद केलं आणि त्याच क्षणी त्यांचा फोन वाजला. यास्ना होती.

"बाबा, कामात आहात का? काही नाही, या पोरीने घाबरवलं मला."

"का? काय झालं?"

"अंगणात मांजरीला दूध ठेवायला गेली. चार मिनिटं झाली नसतील हो, मी चुलीवरचं उतरवत होते. परत आली ती काकडलेली. ओठ निळे पडलेले. हमसून हमसून रडतेय की, मी किती वेळ दार वाजवत होते, तू उघडलंच नाहीस. आणि बाबा, दार उघडंच होतं."

तिहोमिरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अजून काय म्हणतेय?"

"म्हणते, एक म्हातारे काका होते. खुर्चीवर बसून जमिनीवर कॉफी सांडत होते. म्हणाले, आता हे तुझं, तू बस." यास्ना कसनुसं हसली. "कुठून सुचतं हिला, देव जाणे. बाबा? ऐकताय ना?"

"दार लावून घे. तिला जवळ घेऊन बस. हात सोडू नकोस तिचा."

"अहो, झालं तरी काय?"

"सोडू नकोस म्हटलं ना!"

फोन ठेवून त्यांनी नेवेन्काला सगळं सांगितलं. दुसरी कुठली वेळ असती तर तिने त्यांना दोन शब्द ऐकवले असते. आता ती शेजारच्या खुर्चीकडे बघत राहिली. वेताची बैठक मधोमध खोलगट दबलेली होती.

तेवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. झिवादिन धापा टाकत खाली आला.

"धरणावरून फोन आला! पाणी काठाला लागलंय. त्यांनी दारं उघडली, बाई. उघडून मोकळे झाले! कुठला भोंगा देऊ?"

दोघांनी बंद यंत्राकडे बघितलं.

"अहो, कुठला भोंगा देऊ? पूल का टेकडी?"

"चिका..." नेवेन्का पुटपुटली.

यंत्र बंद होतं. थंड होतं. आता जी होणार ती पहिलीच खेप होणार होती, आणि ती चालवल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हतं. चालवली नाही तर झिवादिन अंदाजाने भोंगा देणार, आणि त्या अंदाजावर यास्ना दुन्याचं बोट धरून घराबाहेर पडणार. पुलाकडे, नाहीतर टेकडीकडे.

"मोजायचं नाही," तिहोमिर म्हणाले. "नुसतं चालवायचं. मोजलंच नाही, तर कुणाकडून काही काढून घेतलं असं होत नाही. नेवेन्का, कॉफी सांड. सगळी सांड."

तिने भांडं उपडं केलं. काळा ओघळ फरशीवरून खुर्चीच्या पायांकडे गेला. यंत्र चालू झालं. तिहोमिरांनी टाइप केलं आणि कळ दाबली. तबकडी घरघरली.

मग नेवेन्काने त्यांचा दंड घट्ट धरला.

"चिका... तुम्ही काय टाइप केलंत?"

त्यांनी पडद्याकडे बघितलं. आज्ञेच्या आधी तो छोटा शब्द होता. उभ्या आयुष्यात ही आज्ञा त्यांनी त्या शब्दाशिवाय कधी लिहिलीच नव्हती. बोटांनी आपल्या सवयीने काम केलं होतं.

"थांबवा! चिका, थांबवा ते!"

त्यांचा हात कळफलकावर गेला आणि तिथेच अडखळला. तबकडी शांत झाली होती. पुन्हा तीच शांतता पसरली. यंत्र वाट बघत होतं.

"आत्ता तोडलं..." ते म्हणाले, "आत्ता मधेच तोडलं, आणि दुन्या तिथेच राहिली तर?"

"कुठे? कुठे राहिली तर?"

झिवादिन एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. त्याला काहीच कळत नव्हतं, पण त्याने टोपी काढून छातीशी धरली होती. वेत करकरला. या वेळी आवाज अगदी हलका होता, लहान मूल खुर्चीत पाय वर घेऊन बसावं तेवढा. मग एक बारीक सुस्कारा. वाट बघून कंटाळलेल्या मुलाचा.

तिहोमिरांनी डोळे मिटले. आयुष्यात कधी न केलेली प्रार्थना ते करायला लागले, पण तिचे शब्द त्यांना पुढे आठवेनात.

तबकडी फिरली.

"टेकडी!" नेवेन्का ओरडली. "टेकडी आली! पळ, झिवादिन, तुटक भोंगा! तुटक!"

तो धावत वर गेला. पडद्यावर खाली अजून अक्षरं उमटत होती. तिहोमिरांनी दोन्ही तळहात पडद्यावर ठेवले आणि चाचपडत त्याची कळ बंद केली. त्यांनी आकडा वाचला नाही. पण बोटांच्या फटीतून एवढं दिसलंच की एकूण वेळेचा आकडा फार लांबलचक होता. ओळीच्या टोकापर्यंत गेला होता.

वरून भोंग्याचे तुटक आवाज यायला लागले.

ते शाळेच्या टेकडीवर पोचले तेव्हा धुकं विरळ झालं होतं. खाली नदीने पूल गिळला होता. पुलाचे नुसते कठडे वर दिसत होते, त्यांत एक मोडकी चारचाकी अडकून हेलकावत होती. मोहल्ल्याच्या गल्ल्यांतून तपकिरी पाणी शिरत होतं, पण गल्ल्या रिकाम्या होत्या. माणसं सगळी वर आली होती. शाळेच्या सभागृहात घोंगड्या, कोंबड्या, रडणारी पोरं, चहाचं पातेलं. कुणीतरी तिहोमिरांचा हात हातात घेऊन दाबला. "देवाने तुम्हाला बुद्धी दिली, चिका. पुलाकडे गेलो असतो तर संपलोच असतो." एका म्हातारीने त्यांच्या बाहीचं चुंबन घेतलं. ते गर्दीतून पुढे सरकत राहिले.

यास्ना खिडकीपाशी बाकावर बसली होती. मांडीवर घोंगडीत गुंडाळलेली दुन्या. यास्नाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, मी हिचा हात सोडला नाही. तुम्ही सांगितलंत तसं. भोंगा झाला, आम्ही निघालो, इथवर आलो. एक क्षणही सोडला नाही. विचारा कुणालाही."

"अगं, मग सुखरूप आहे ना ती?"

यास्नाने घोंगडी जरा बाजूला केली. दुन्याच्या स्वेटरच्या बाह्या कोपरापाशी आल्या होत्या. मनगटं लांब, हडकुळी दिसत होती. बूट यास्नाने काढून बाकाखाली ठेवले होते, बोटं दुमडली जात होती म्हणून.

"सकाळी हिचे सगळे दात दुधाचे होते," यास्ना कुजबुजली. "एकही हलत नव्हता हो. तोंड बघा हिचं."

तिहोमिर वाकले. वरच्या हिरडीतून समोरचे दोन दात अर्धेअधिक बाहेर आले होते. मोठे, कडेला करवतीसारखे कंगोरे असलेले, अजून न झिजलेले. नवे.

"दुन्या," त्यांनी हाक मारली. "पिल्ला, मी आहे. आजोबा."

तिने त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत ओळख होती. पण इतक्या उशिरा आलेल्या माणसाकडे बघावं, तसं बघितलं. ती बोलली नाही. ओठ मात्र हलत होते, सारखे, एका लयीत.

"घरातून निघालो तेव्हापासून मोजतेय," यास्ना म्हणाली. "थांबतच नाही. मी विचारलं, काय मोजतेस, तर मोजता मोजताच म्हणाली, काकांची मिनिटं. बाबा, हिला विसापलीकडे आकडे येत नव्हते."

तिहोमिरांनी तिच्या ओठांशी कान नेला. तिचा श्वास थंड होता, गाळाच्या वासाचा. आकडा लाखांतला होता. तो त्यांनी ऐकला. पुढचा ऐकला. त्याच्या पुढचा ऐकला. आयुष्यभर आकड्यांत काढलेला माणूस, पण खात्री करून घ्यायला त्यांना आणखी कितीतरी आकडे ऐकावे लागले.

"किती मोजतेय हो?" यास्नाने त्यांची बाही ओढली. "बाबा, सांगा ना. कितीपर्यंत मोजणार ही?"

त्यांनी मान वर केली नाही. ते ऐकत राहिले. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा एकाने कमी होता.